बिनखिशाचे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका श्रीमंत माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नाही, आणि त्यांच्या अंगावर मी आजवर दहा रुपयांची नोट पाहिलेली नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर करतो आहे. मी एका बँकेत बत्तीस वर्षं रोखपाल होतो. समोरच्या माणसाकडे किती पैसा आहे हे तो काउंटरपर्यंत चालत येईतो आपल्याला कळतं, असा माझा समज होता. साडूंनी तो पार मोडीत काढला. त्यासाठी आणि आणखी पुष्कळ कारणांसाठी मी गेली वीस-बावीस वर्षं त्यांच्यावर जळतो. जळतो हा शब्द मी विचार करून वापरला आहे, हेवा वगैरे म्हणून तो सौम्य करण्यात काही अर्थ नाही. माझ्या बायकोला हे ठाऊक आहे, मेहुणीला ठाऊक आहे. साडूंना मात्र अजून पत्ता नाही, आणि माझी खरी जळजळ तिथेच आहे. ज्याच्यावर आपण इतकी वर्षं इमानेइतबारे जळलो त्याला ते कळूही नये, म्हणजे काय!

साडू केदारखेड्याचे. थोडी शेती, दारात पाच-सहा शेळ्या. पण त्यांचा खरा धंदा फिरणं. शेळी-मेंढी पारखण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नाही. जनावराच्या पाठीवरून दोन बोटं फिरवतात, कमरेला हात घालून एकदा जमिनीपासून वीतभर उचलतात आणि वजन सांगतात. काटा फार तर पावशेराने पुढेमागे होतो. त्यामुळे कुणाला बोकड घ्यायचा असला, कुणाला चार शेळ्या विकायच्या असल्या, की साडूंना बोलावणं येतं आणि साडू मोटरसायकलला लाथ मारून निघतात. भोकरदनपासून गोदावरीपर्यंत त्यांची ही गाडी सगळीकडे दिसते. सीटवर घोंगडीची घडी, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत बटणाचा फोन आणि पाण्याची बाटली. अंगात पांढरा शर्ट, आणि त्या शर्टाला खिसा नाही. फाटला, उसवला असं नव्हे, शिवलेलाच नाही. एकदा त्यांच्या शिंप्याने न विचारता सवयीने खिसा लावला, तर साडूंनी तो तिथंच बसून उसवायला लावला. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "खिसा असला की माणूस घडी घडी हात घालतो, पाव्हणे. काय हाय, किती हाय, पडलं का, गेलं का. निम्मं ध्यान तिकडंच. मंग रस्ता कवा बगायचा?"

आता याच्या शेजारी मला उभं करून बघा. जालन्याच्या बाहेर वीस किलोमीटर जायचं म्हटलं तरी माझी तयारी आदल्या दिवशी सुरू होते. दोन बँकांची दोन कार्डं. मोबाइलमध्ये पैसे पाठवायची तीन ॲप्स, एक बंद पडलं तर दुसरं आणि दोन्ही पडली तर तिसरं. फोन चार्ज करायला खिशात मावेल अशी वीट. शर्टाच्या खिशात सुटे, पँटच्या चोरखिशात पाचशेच्या नोटा, आणि अगदीच प्रसंग आला तर असाव्यात म्हणून डाव्या मोज्यात तीन नोटा. बायको म्हणते, "तुम्ही गावाला निघालात का तिजोरी घेऊन पळून निघालात?" इतकं करून मी ज्या गावाला जाईन तिथे नेमकी रेंज नसते, कार्डाचं मशीन चार्जिंगला लावलेलं असतं, आणि मोज्यातल्या नोटा उन्हाने इतक्या घामेजलेल्या असतात की दुकानदार त्या चिमटीत धरून माझ्याकडेच परत सरकवतो. साडू मात्र बिनखिशाच्या शर्टात दोन-दोन दिवस फिरतात, चहा पितात, जेवतात, पेट्रोल भरतात, टायर बदलतात आणि घरी येताना मेहुणीसाठी सीताफळं घेऊन येतात. बरीच वर्षं मला वाटायचं, हा माणूस उधारीवर जगतो, आणि एक ना एक दिवस लोक याला गाठतील. मी त्या दिवसाची वाट पाहत होतो हेही लिहून टाकतो.

तो दिवस काही आला नाही. उलट माझ्या नातवाच्या जावळाचा दिवस आला. जावळाला बोकड लागतो, आणि बोकड म्हटल्यावर साडू आले. ते मला मागे बसवून कुंभार पिंपळगावच्याही पलीकडे एका वाडीवर घेऊन गेले. माणूस ओळखीचा, बोकड देखणा, भाव ठरला. मी रुबाबात मोबाइल काढला. त्याच्या गोठ्याच्या खांबाला पैसे घ्यायचा चौकोनी छापील कागद चिकटवलेला होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मोबाइलवर एक गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. बोकडवाला म्हणाला, "इथं न्हाई व्हायचं, साहेब. दगडावर जावं लागतं." वाडीच्या टोकाला बाभळीखाली एक मोठा दगड आहे. त्यावर उभं राहून, तोंड पूर्वेला करून, फोन कानाच्या वर धरला की पैसे जातात, असं मला सांगण्यात आलं. सगळी वाडी तिथेच व्यवहार करते म्हणे. दगडावर अगोदरच एक म्हातारा उभा होता आणि खाली दोघे नंबर लावून होते. माझा नंबर आला तेव्हा मी पूर्वेला तोंड केलं, हात वर केला, टाचा उंचावल्या. चक्र फिरत होतं. खालून लोक प्रेमाने सूचना देत होते, "जरा डावीकडं, साहेब", "हात खाली घेऊ नका". बँकेत असताना माझ्यासमोर रांग असायची, इथे मी रांगेसमोर शोभेचा पुतळा झालो होतो. शेवटी उतरलो, चोरखिसा रिकामा केला, बूट काढून मोजाही रिकामा केला, तरी दीड हजार कमी पडले.

साडू इतका वेळ बोकडाच्या कानामागे खाजवत उभे होते. म्हणाले, "किती कमी पडून राह्यलेत?" मी आकडा सांगितला. ते समोरच्या पिठाच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्याने हात झटकले, पत्र्याच्या डब्यातून नोटा काढल्या आणि दिल्या. दोघांत काय बोलणं झालं म्हणाल, तर गिरणीवाल्याने विचारलं, "पोरीचं बाळंतपण बराबर झालं का, मामा?" आणि साडू म्हणाले, "झालं की. पोरगा हाय." एवढंच. ना सही, ना कागद. साडू परत आले आणि बोकडाची दोरी माझ्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर कुंभार पिंपळगावात एका बाईंच्या हॉटेलात चहाला थांबलो तेव्हा मी त्यांची तपासणी सुरू केली. गिरणीवाल्याने पैसे कसे दिले? साडू म्हणाले, "माझेच व्हते. ठिवलेत त्याच्यापाशी." म्हणजे? "म्हंजे ठिवलेत. येणं-जाणं असतं न आपलं. एखादं जनावर चांगलं विकलं गेलं की शे-पाचशे ठिवून देतो वाटंनं. लागले की घेतो." किती ठिकाणी? "मोजले न्हाईत." लिहून ठेवता कुठे? ते हसले. व्याज? साडूंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ह्या बाई मला साखर दोन चमचे जास्त टाकतेत. पिऊन बगा माझा." बाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी मागच्या वर्षी साडूंच्या पैशातून नवी शेगडी घेतली होती, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. साडूंना न विचारता! मी चमकून साडूंकडे पाहिलं. "बरं झालं की," साडू म्हणाले, "नुसते पडून काय करणार व्हते पैसे?" आम्ही उठलो तेव्हा चहाचे पैसे द्यायला मी धावलो. खिशात सुटे वीस रुपये उरले होते, तेवढी तरी इज्जत राखावी म्हणून. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या साडूंना म्हणाल्या, "मामा, उद्या येताल का परवा?" मी ते वीस रुपये मुठीत घेऊन मोटरसायकलवर बसलो आणि माझ्या मांडीवरचा बोकड जालन्यापर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून माझी एकच इच्छा आहे. साडूंसमोर एकदा तरी मी पैसे द्यावेत आणि ते चालावेत. ही काही मोठी इच्छा नव्हे. पण शहागडला जे झालं त्यानंतर तिची आशाच उरली नाही. बीडकडचं एक लग्न आटोपून मी आणि ही, म्हणजे माझी बायको, आमच्या गाडीने परतत होतो. रोख सगळी आहेरात गेली होती. शहागडला पूल ओलांडला की हायवेला एक हॉटेल लागतं, ट्रकवाल्यांची गर्दी असते, शेवभाजी झणझणीत मिळते. आम्ही पोटभर जेवलो. मी मोबाइलवरून पैसे दिले. माझ्या खात्यातून पैसे गेले आणि गल्ल्यावरच्या मालकाकडे ते पोचले नाहीत. मी त्याला माझ्या फोनवरचा मेसेज दाखवला. तो म्हणाला, "गेल्याचं काय करू साहेब, आल्याचं दाखवा." मी त्याला हे तांत्रिकदृष्ट्या कसं घडतं ते समजावून सांगायला लागलो. मी बँकेत होतो हेही सांगितलं. मालक म्हणाला, "असं सांगणारे रोज चार जण येतेत." मागे ट्रकवाले हात धुऊन उभे, पुढे मी, कपाळावर घाम. तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि केदारखेड्याला लावला. "दाजी, जरा ह्यांच्याशी बोला," म्हणून फोन मालकाच्या हातात दिला. पलीकडून साडू काय बोलले कोण जाणे, पण मालकाचा चेहरा मी बघत होतो. कपाळावरच्या आठ्या गेल्या, ओठ पसरले. "आरं! मामांचे साडू का तुम्ही? अगोदर सांगायचं न राव! त्यांचे हैत की माझ्याकडं." मग त्याने आम्हाला पुन्हा बसवलं, ताक पाजलं, हिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ही चटणीची पुडी मांडीवर घेऊन गाडीत बसली. वडीगोद्री मागे पडल्यावर म्हणाली, "दाजींचं नाव चालतं, तुमचं कार्ड चालत न्हाई." इतकं शांतपणे म्हणाली की मला भांडताही येईना.

माझे अडकलेले पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात परत आले. मी ते घेऊन साडूंकडे गेलो, तर म्हणाले, "माझ्याकडं कशाला आणले? कवा शहागडला गेलात तर तिथंच ठिवा." म्हणजे माझ्या जेवणाचे पैसेही त्यांना नकोत! मी इरेला पेटलो. या माणसाला जमतं ते मला का जमू नये? मीही ठिकाणं करायची ठरवली. सुरुवात म्हणून अंबड रस्त्यावरच्या एका रसवंतीवाल्याकडे गेलो. मोठा ग्लास रस घेतला, इकडचं तिकडचं बोललो आणि पाचशेची नोट पुढे करून म्हणालो, "राहू द्या तुमच्यापाशी. येणं-जाणं असतं." अगदी साडूंच्या चालीत म्हणालो. त्याने नोट घेतली, हसला, गल्ल्यात ठेवली. सगळं छान झालं होतं. मी चार पावलं चाललो, आणि बत्तीस वर्षांची सवय आडवी आली. परत फिरलो आणि म्हटलं, "एक बारीकशी पावती द्या ना. तारीख टाका, खाली सही करा, बास." रसवंतीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, उसाचं चिपाड खाली ठेवलं, गल्ला उघडला आणि नोट माझ्या हातात दिली. "साहेब," तो म्हणाला, "आणखी एक ग्लास रस प्या, फुकट प्या. पण हे घेऊन जा. माझ्या डोक्याला ताप नको." मी तो फुकटचा रसही प्यालो, याची मला आजही लाज वाटते.

घरी येऊन हे सांगितल्यावर ही हसून हसून खाली बसली. मी मात्र त्या रात्री पडल्या पडल्या हिशोब लावत होतो, आणि लावता लावता मला असं काही सापडलं की आधीची सगळी जळजळ त्याच्यापुढे फिकी पडली. साडूंचे पैसे गिरणीवाल्याकडे आहेत. चहावाल्या बाईंकडे आहेत. शहागडच्या हॉटेलात आहेत, कुठल्या तरी सायकलवाल्याकडे आहेत, सुताराकडे आहेत. जालन्यात ते महिन्यातून दोनदा येतात, आमच्याच घरी उतरतात. आणि मी, ज्याने बत्तीस वर्षं लोकांचा पैसा सांभाळला, ज्याच्या हातून कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, त्या माझ्याकडे या माणसाने आजवर एक छदाम ठेवलेला नाही! इतक्या साऱ्या लोकांवर विश्वास आणि सख्ख्या साडूवर नाही? मी कूस बदलली. हिला उठवून हे सांगावं असं दोनदा वाटलं, पण ती परत हसेल म्हणून गप्प राहिलो.

पुढच्या खेपेला साडू आले. नेहमीसारखे हात हलवत, चपला दारात काढून सरळ स्वयंपाकघरात. जेवणं झाली, साडू सुपारी कातरायला बसले तेव्हा मी विषय काढलाच. शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "आमच्याकडे नाही ठेवत कधी काही?" साडूंना प्रश्नच कळेना. मी उलगडून सांगितला. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुमच्याकडं कामून ठिवू?" ते म्हणाले. "तुमच्याकडून मला कुठं जायचंय?"

मग त्यांनी त्यांच्या आज्याची गोष्ट सांगितली. आमच्या दोघांच्याही घराण्यात दोन पिढ्यांमागे मेंढरं होती. माझ्या वडिलांनी ती विकून मला शाळेत घातलं आणि आमच्या घरात मेंढरांची आठवण म्हणून एक घोंगडी तेवढी उरली. साडूंचा आजा मात्र शेवटपर्यंत फिरला. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा तो गोदावरीच्या काठापर्यंत, आणि पाऊस पडायच्या वक्ताला परत. रानात मुक्काम, अंगावर पैसा बाळगायची सोय नाही. म्हणून ज्या गावाच्या शिवारात तळ पडेल त्या गावात एका घरी रुपया-दोन रुपये ठेवून पुढे जायचा. "आजा म्हणायचा," साडू सांगत होते, "पैसा ठिवला की गाव वाट बगतं. न्हाई तर फिरत्या माणसाची कोण वाट बगणार? आज आल्ता, उद्या गेल्ता. जिथून निघून जायचं असतं तिथंच ठिवायचं. सोताच्या घरी कुणी ठिवून जातं का?"

ऐकायला फार गोड होतं. मला ते बिलकुल पटलं नाही. आपल्याला टाळायचं असलं की माणसं आज्याला मध्ये आणतात, हे मी बँकेत पुष्कळ पाहिलं होतं. मी हं म्हणालो आणि सुपारी घेतली, पण मनात ती खूण करून ठेवली. माझ्यापेक्षा गिरणीवाला बरा, असं या माणसाचं मत आहे.

या वर्षी साडूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याने कडेचं दिसत नाही. मोटरसायकल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. पुण्याला त्यांचा मुलगा असतो, तो दोघांना घेऊन जायला आला. शेती वाट्याने लावली, शेळ्या विकल्या. मग त्याला समजलं की बापाचे पैसे जिल्हाभर पसरलेले आहेत. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बँकेतले. एवढं गोळा करून द्या." साडू खाटेवर बसून होते. त्यांनी विरोध केला नाही, पण ठिकाणं सांगताना एकदाही मान वर केली नाही. आकडे विचारले तर म्हणाले, "ते त्यांनाच इचारा. त्यांना ठावं हाय." मी वहीत सगळं लिहून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. इतकी वर्षं ज्या ठिकाणांनी माझा छळ केला ती एकेक करून बंद करायची होती, आणि ते काम माझ्या हातून होणार होतं.

पहिल्यांदा शहागड. मालकाने मला ओळखलं, ताक दिलं, साडूंच्या डोळ्याचं सगळं विचारून घेतलं. पैशाचं काढलं तर म्हणाला, "त्यांना येऊ द्या, मंग बगू." मी म्हटलं, ते आता पुण्याला चालले, यायचे नाहीत. मालक गल्ल्याकडे वळला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला लागला. मी अर्धा तास उभा होतो. जाताना त्याने चटणी बांधून दिली, पैसे दिले नाहीत. वाडीवरचा गिरणीवाला तर हातसुद्धा झटकायला तयार नव्हता. चालू गिरणीच्या आवाजात तो ओरडून म्हणाला, "पैसे देऊन टाकले तर मंग मामा इकडं येतील कशाला?" मी ओरडून म्हणालो, तरीही ते येणार नाहीत. त्याने गिरणी बंद केली नाही. मला वाटतं, ऐकू यायला नको म्हणूनच केली नाही.

शेवटी कुंभार पिंपळगावच्या बाई. मी थकलो होतो. वही उघडली, बंद केली आणि नुसता चहा मागितला. बाईंनी विचारलं, "तुम्ही ते जालन्याचे साडू न? बँकवाले?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, त्या दिवशी पाहिलं नव्हतं तेवढं. "मला लई राग यायचा तुमचा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माझा? मी काय केलं?

"मामांना म्हणायची मी, आज राहा की इथंच, ऊन लई हाय. तर म्हणायचे, न्हाई, जालन्याला जातो साडूकडं. तिथं काय ठिवायचं लागत न्हाई, काय मागायचं लागत न्हाई, जायचं न् जेवायला बसायचं. धा वर्षं झाले, माझ्याकडं ठिवूनच राह्यलेत. तुमच्या घरी हात हलवत." बाईंनी चहा पुढे केला. "असा राग यायचा, काय सांगू."

मी चहा प्यालो. साखर जास्त होती. इतकी वर्षं मी ज्या बाईवर जळत होतो ती इकडे चुलीपुढे बसून माझ्यावर जळत होती, आणि दोघांच्या मधून तो माणूस बिनखिशाच्या शर्टात निवांत ये-जा करत होता. मी वही पिशवीत टाकली. पैशाचं मी काढलं नाही, बाईंनीही काढलं नाही.

केदारखेड्याला जाऊन मी साडूंना सांगितलं की कुणीच दिले नाहीत. मुलगा चिडला. साडूंनी मात्र एकेकाचं नाव घेऊन विचारलं, काय म्हणाला, कसा आहे, गिरणीचा पट्टा बदलला का. मी सगळं सांगितलं, फक्त बाई काय म्हणाल्या ते सांगितलं नाही. ते मी माझ्यापाशी ठेवलं. साडू ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मला पुन्हा थोडं जळायला झालं. सवयच ती, एकदम कशी जाणार?

पुण्याला निघायच्या सकाळी गाडी आमच्या दारात चहापुरती थांबली. मेहुणी आणि ही आत डोळे पुसत बोलत होत्या. मुलगा घाई करत होता. साडू ओट्यावर उभे होते. मुलाने घेतलेला तयार शर्ट त्यांच्या अंगात होता आणि त्याला खिसा होता. त्यांना तो सापडायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चाचपडत दोन बोटं आत घातली, चार घड्या घातलेल्या काही नोटा काढल्या आणि माझा हात धरून तळव्यावर ठेवल्या.

"राहू द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले. "येणं-जाणं असतं."

इतके दिवस मी याचसाठी जळलो होतो. आता मिळालं, तर ते त्यांच्या खिशात परत कोंबावं, असं वाटलं. तुम्हाला इथून कुठं जायचंय हो, असं मला म्हणायचं होतं. मी नुसती मूठ मिटली. ते हलकेच माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले, गाडीत बसले आणि ज्या डोळ्याने दिसत होतं तो डोळा खिडकीशी नेऊन आमच्या दाराकडे बघत राहिले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर हिने विचारलं, "किती दिले दाजींनी?"

मी म्हटलं, "मोजले नाहीत."

अजूनही मोजलेले नाहीत. घडी तशीच आहे, फडताळात, जुन्या घोंगडीखाली. ते येतील तेव्हा सांगतील किती होते ते.